हर्णैचा पडाव
हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नसे. आत समुद्रातच नांगर टाकायची. मग माणसं किनाऱ्यावर न्यायला पडाव यायचे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून उलट्यांनी अर्धमेली झालेली आई त्या हेलकाव्यात पाय टाकायला धजत नसे. मला मात्र खलाशी दंडाला धरून पिशवीसारखा खाली सोडायचा. समोर सुवर्णदुर्ग. १७५५ साली कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तो हाच. पेशव्यांनी त्यात इंग्रजांना साथ दिली, हे अजून खटकतं. पडावातून उतरलं की शेवटी गुडघाभर पाणी. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे आईचं माहेरही बंद. पुढे रस्ते झाले, बोटी गेल्या. पण तेव्हा किनाऱ्यावर पाय ठेवला की वाळूत मासळीचा लिलाव चाललेला असे. आई नाकाला पदर लावी. मला तो वास सुट्टी लागल्याचा वाटे.