ज्वारीच्या आधीचा हुरडा

हुरडा म्हणजे ज्वारीचाच, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ज्वारी मूळची इथली नव्हे म्हटलं तर एखादा सोलापूरकर भांडायलाच उठेल. पण ज्वारीचं माहेर आफ्रिकेत, सुदानच्या पूर्व भागात. तिथून ती साधारण ४००० वर्षांपूर्वी भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या रानात रुजायला तिला आणखी वेळ लागला. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं मुख्य पीक सापडलं ते जव.

त्या शेतकऱ्यांनीही उभ्या पिकातलं कोवळं कणीस विस्तवावर धरलं असेलच. मात्र खाऊन संपलेल्या हुरड्याचा पुरावा मातीत उरत नाही. तो पोथ्यांत सापडतो, आणि तोही जरा अनपेक्षित ठिकाणी. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकांनी जमून करायच्या मौजांची एक यादी आहे. तीत ‘अभ्यूषखादिका’ येते. तेराव्या शतकातला टीकाकार यशोधर तिचा अर्थ देतो: डहाळीसकट विस्तवावर भाजून खाणं. म्हणजे ज्या ग्रंथाचं नाव घरात हळू आवाजात घ्यायचं, त्यात हुरडा पार्टी आहे! पुढे सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त नीट फोड केली. शेंगांतलं अर्धं पिकलेलं धान्य गवताच्या जाळावर भाजलं तर होलक, जव-गव्हाच्या ओंब्या भाजल्या तर उंबी. हरभऱ्याचा हुळा आणि गव्हाची उंबी आजही आपल्या शिवारात आहेत. ज्वारी या पंगतीत मागाहून येऊन बसली आणि यजमान झाली.

ते साहजिकच होतं. परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरलेली रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतला ओलावा आणि थंडीतलं दंव यांवर निभावते. पौषात दाणा चिकातून बाहेर येतो, पण टणक झालेला नसतो. त्यातली साखर अजून पिठूळ झालेली नसते, म्हणून हिरवा दाणा गोड लागतो. एका ताटावर हा काळ जेमतेम आठ-दहा दिवसांचा. भाकरीची ज्वारी आणि हुरड्याची ज्वारी एकच नव्हे, हे शहरी पाहुण्यांना सहसा ठाऊक नसतं. मालदांडीची भाकरी उत्तम. हुरड्याला मात्र गुळभेंडी, कुचकुची, सुरती अशी वाणं लागतात, ज्यांचा दाणा बोंडातून चटकन सुटतो. जुने शेतकरी भाकरीच्या ज्वारीत या वाणांच्या चार ओळी घरच्यासाठी टाकत. आता राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठीच ‘फुले मधुर’ हे वाण काढलं आहे.

भाजण्याची रीत बघण्यासारखी. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या. ही आगटी. जाळ बसून निखारे लाल झाले की कणसं डोक्याकडून आत सारायची आणि दांड्याला धरून फिरवत राहायची. कोंडा करपतो, दाणा आतल्या आत वाफेवर शिजतो. मग कणीस गरम असतानाच तळव्यांत चोळायचं. थंड झालं की दाणे सुटत नाहीत, म्हणून चोळणाऱ्याचे हात काळे होतात आणि पोळतात. फुंकर मारून कोंडा उडवायचा की ओंजळीत हिरवे, धुरकट वासाचे दाणे. सोबत लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, वर ताक.

हुरडा एकट्याने खायची गोष्ट झाली नाही, याचं कारण या चोळण्यात आहे. एकाने भाजायचं, एकाने चोळायचं, बाकीच्यांनी गरम आहे तोवर तोंडात टाकायचं. मग जागा बदलायच्या. इथे ताट नाही, वाढणं नाही, आणि चुलीपाशी अडकलेली घरची बाईही नाही. आपल्याकडे बाईला आयतं बसून खायला मिळण्याचे प्रसंग इतके कमी, की एवढ्यासाठीही मला या जेवणाचं कौतुक वाटतं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, हा माझा तर्क समजा. धान्य खळ्यावर आलं की त्याचा हिशेब सुरू व्हायचा: बलुतेदारांचा वाटा, सावकाराचं देणं, सारा. हुरडा त्याआधीचा. गोफण घेऊन माळ्यावर पाखरं हाकणाऱ्या राखणदारापासून वाटेच्या पाहुण्यापर्यंत कुणीही चार कणसं मोडावीत, त्याची नोंद कुठेच होत नसे. वर्षातलं हे एवढंच धान्य बेहिशेबी खाल्लं जाई.

आता त्याचा हिशेब चोख झाला आहे. माणशी दर, बैलगाडीची फेरी, झोपाळा, दुपारी पिठलं-भाकरी. ऊस आणि सोयाबीनने ज्वारीची रानं खाल्ल्यावर या तिकिटांमुळे काही शेतकऱ्यांकडे गुळभेंडी टिकली आहे, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही. गोठवून पाकिटात भरलेला हुरडा मात्र घेऊ नका. त्यापेक्षा जानेवारीत नगर, बीड, सोलापूरकडे कुणाचं रान ओळखीचं असेल तर आधी फोन करून दाणा भरलाय का विचारा, आणि जाताना चोळायला दोन माणसं जास्तीची न्या.