पीकस्किल अशनी

पीकस्किल अशनी ही ९ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेच्या न्यू यॉर्क राज्यातील पीकस्किल शहरात एका उभ्या मोटारगाडीवर कोसळलेली दगडी अशनी होय. कोसळण्यापूर्वी तिचा तेजस्वी अग्निगोल अमेरिकेच्या पूर्व भागातील हजारो लोकांनी पाहिला. सामान्य नागरिकांच्या व्हिडिओ चित्रणांवरून तिचा अंतराळातील मार्ग निश्चित करता आला, हे या घटनेचे वैशिष्ट्य आहे.

संज्ञा

अंतराळातील खडक वातावरणात शिरून तेजाळला, की त्या प्रकाशरेषेस उल्का म्हणतात. शुक्राहून तेजस्वी दिसणाऱ्या उल्केस अग्निगोल, तर जळून उरलेल्या व जमिनीवर पोहोचलेल्या खडकास अशनी म्हणतात.

अग्निगोलाचे दर्शन

स्थानिक वेळेनुसार सायंकाळी ७ वाजून ४८ मिनिटांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या आकाशात हा हिरवट अग्निगोल प्रकटला आणि ईशान्येकडे गेला. पौर्णिमेच्या चंद्राहूनही तो तेजस्वी होता. बहुतेक उल्का क्षणार्धात विझतात. हा अग्निगोल मात्र ४० सेकंदांहून अधिक काळ दिसला व त्याने ७०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. खडक क्षितिजाशी केवळ ३.४ अंशांचा कोन करून, सेकंदाला सुमारे १४.७ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला होता, हे त्याचे कारण. सुमारे ४१ किलोमीटर उंचीवर त्याचे अनेक तुकडे झाले.

अशनीपात

वातावरणाच्या रोधामुळे वेग घटला, की खडकाचे तेज मावळते आणि उरलेला प्रवास अंधारात होतो. अशा रीतीने आलेला सुमारे १२ किलोग्रॅमचा एक तुकडा १९८० सालच्या शेव्हरले मालिबू गाडीचा मागचा भाग भेदून खाली जमिनीवर आदळला. गाडीत कोणी नसल्याने इजा झाली नाही. ही अशनी ‘एच६’ वर्गातील काँड्राइट आहे. पुढे ती गाडी अनेक संग्रहालयांत प्रदर्शित करण्यात आली.

कक्षा व महत्त्व

तो शुक्रवार होता. शालेय फुटबॉल सामने चित्रित करण्यासाठी आलेल्या पालकांनी व इतरांनी कॅमेरे आकाशाकडे वळवले; किमान १६ चित्रणे उपलब्ध झाली. चित्रणाची जागा ठाऊक असल्यास चौकटीत आलेले खांब व इमारती यांवरून अग्निगोलाची दिशा आणि उंचीचा कोन मोजता येतो. अनेक ठिकाणांची अशी मापे जुळवून खडकाचा मार्ग व मूळ कक्षा काढण्यात आली. ही कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या किंचित आतून निघून मंगळापलीकडे, लघुग्रह पट्ट्याच्या आतील सीमेपर्यंत जात होती.

यापूर्वी प्रिब्राम (१९५९), लॉस्ट सिटी (१९७०) व इनिसफ्री (१९७७) या तीनच अशनींच्या कक्षा अचूक ठाऊक होत्या. त्या खास छायाचित्रण केंद्रांमुळे कळल्या होत्या. चौथी मात्र खेळ पाहायला आलेल्या प्रेक्षकांमुळे कळली.