वाघिणीच्या पाठीवरचे आकडे

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात हे मला शाळेत नाही, पळस्प्याला मामांकडे कळलं. "उद्या वाघिणी येणार, खडी पडायचीय," असं ते मामीला म्हणाले आणि मी रात्रभर टक्क जागा :-)

पळस्पे म्हटलं की लोकांना फाटा आठवतो. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता तिथे वेगळा होतो. पण रूळही फार लांब नाहीत. पनवेल सोडलं की रोह्याच्या बाजूला सोमाटणे स्टेशन. दिव्याहून पनवेलला रेल्वे साठच्या दशकात आली, रोह्याला १९८६ मध्ये पोचली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर या रुळांवरचा भार फारच वाढला. मामा आधी गँगमन, मग की-मन. म्हणजे हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन रोज आपली हद्द पायी तपासायची, सैल झालेली चावी ठोकून बसवायची. २०१५ मध्ये ते निवृत्त झाले. आता ते नाहीत.

परवा माळा आवरताना मामीला एक छोटी वही सापडली. नाव नाही, तारखा नाहीत, नुसते लांबलचक आकडे. मामेभाऊ म्हणाला, "बाबांची नाही ही. हे बघ, वाघीण २०१९ ची लिहिलीय. बाबा तेव्हा घरी होते. कुणा दोस्ताची राहिली असेल, रद्दीत टाक." मामी काही बोलली नाही. फक्त वही माझ्या हातात दिली.

आता थोडं या आकड्यांबद्दल. खडी, स्लीपर, रूळ वाहणाऱ्या गाडीला रेल्वेची माणसं डी.एम.टी. म्हणतात, डिपार्टमेंटल मटेरियल ट्रेन. हिला भाडं मिळत नाही, ही रेल्वेची घरकामाची गाडी. खडीच्या वाघिणीवर बी.ओ.बी.वाय.एन. अशी अक्षरं असतात. पहिला बी म्हणजे बोगीवाली, शेवटचा एन म्हणजे एअर ब्रेक असलेली. पोटाला दारं असतात. गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते आणि बाजूने चालणारी माणसं दारं उघडत खडी सोडत जातात. धुळीत कोण कोणाला ओळखत नाही. शिवाय वाघिणीवर रिकामं वजन असतं, मोठी दुरुस्ती (पी.ओ.एच.) कुठल्या वर्कशॉपात आणि कधी झाली तेही असतं. पूर्वी जी.आय.पी. अशी मालकाची अक्षरं असत. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली आणि 'म.रे.' आलं. त्यावरचे विनोद मुंबईकरांना सांगायला नकोत!

हल्लीचा नंबर अकरा आकड्यांचा. पहिले दोन वाघिणीचा प्रकार (सत्तरीतला आकडा म्हणजे हॉपर), पुढचे दोन मालक रेल्वे (०१ म्हणजे मध्य), पुढचे दोन बांधणीचं साल, मग चार आकडे तिचा स्वतःचा क्रमांक. शेवटचा आकडा पडताळणीचा. नंबर उतरवताना चूक झाली तर तो चुगली करतो.

वहीत होतं ७० ०१ १? २३६४ ७. प्रश्नचिन्हाच्या जागी एक की नऊ, हाच वाद. मराठी शाळेत शिकलेल्या मामांचा १ आणि ९ सारखाच दिसे, किराण्याच्या यादीवरून मामी कायम भांडायची.

पडताळणी अशी: डावीकडून सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज करायची, तिला तिनाने गुणायचं, विषम जागांची बेरीज मिळवायची. पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतात तो शेवटचा आकडा. नऊ धरला तर सम १७, त्याचे ५१, अधिक १६, झाले ६७. शेवटी ३ हवा. एक धरला तर सम ९, त्याचे २७, अधिक १६, झाले ४३. शेवटी ७. वहीत ७ आहे, अगदी स्वच्छ.

म्हणजे वाघीण २०११ ची. एवढ्याने वही मामांचीच असं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण ती त्यांची नाही म्हणायला जे एकच कारण होतं ते गेलं. मामेभावाने कागदावर स्वतः गणित करून पाहिलं. दोनदा. मग वही मामीला परत दिली.

"नंबर कशाला लिहीत असतील रे?" मामीने विचारलं. मला सांगता आलं नाही. घरी यायला उशीर का झाला, हे ते तिला कधी सांगत नसत. त्याचा हिशेब असावा बहुतेक.

असो. उरलेली पानं लावतोय. रेल्वेतल्या मंडळींनी चुका जरूर दाखवाव्यात.