हिमस्तराची माघार : सागरी गाळावरून पुनर्रचना

सागरतळातील गाळाच्या थरांवरून प्राचीन हिमस्तर केव्हा व कोठवर मागे हटला हे ठरविण्याची पद्धत. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्याहून सुमारे १२० मी. खाली होती आणि अंटार्क्टिकाचा बर्फ अनेक ठिकाणी आजच्या कडेपलीकडे समुद्रबूड जमिनीवर टेकलेला होता.

जहाजावरून पोकळ नळी तळात घुसवून गाळाचा दंडगोल काढतात आणि उभा चिरतात. तळाशी चिखल, वाळू व गोटे यांचे घट्ट मिश्रण आढळते. नदी पाण्याच्या वेगानुसार गाळ निवडते. बर्फ असे निवडत नाही, म्हणून हे मिश्रण टेकलेल्या बर्फाची खूण ठरते. त्यावरच्या बारीक चिखलात मधूनच एखादा खडा रुतलेला दिसतो. तो तरंगत्या बर्फातून गळून पडलेला असतो. सर्वांत वर डायाटम या सूक्ष्म शैवलांच्या कवचांचा हिरवट गाळ, म्हणजे खुला समुद्र. हा क्रम म्हणजेच माघार.

कालमापन कार्बन-१४ वरून होते. मात्र अंटार्क्टिक समुद्राच्या पाण्यातच जुना कार्बन असल्याने हजाराहून अधिक वर्षांची दुरुस्ती करावी लागते.

भारताचे अंटार्क्टिकातील ‘भारती’ केंद्र (२०१२) प्रिझ उपसागराच्या काठी आहे. या उपसागरात १९८८ व २००० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी वेधन झाले. भारताच्या ध्रुवीय संशोधनाची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत.