सहा नावांची बोट

मराठीत जहाज नपुंसकलिंगी आणि बोट स्त्रीलिंगी. इंग्रज खलाशी आपल्या जहाजाला ‘ती’ म्हणतो, तेव्हा या लेखापुरती मीही बोटच म्हणेन. ही बोट १९७१ साली पश्चिम जर्मनीतल्या एम्डेन शहरात, नॉर्डझेवेर्के गोदीत पाण्यात उतरली. २०१४ साली ती मोडीत विकली गेली आणि तिने अलंगचा किनारा गाठला. मधल्या त्रेचाळीस वर्षांत तिला सहा नावे मिळाली. सांगाडा तोच. अनुवादाचा धंदा करणाऱ्याला अशा चरित्राचे कुतूहल वाटावे, यात नवल नाही.

ती जन्मली तो काळ मोठ्या प्रवासी आगबोटींच्या मरणाचा होता. जेट विमाने आली आणि न्यूयॉर्कला किंवा विलायतेला बोटीने जाण्याचे कारणच उरले नाही. बेकार झालेल्या जुन्या बोटी सहलींना जुंपून पाहिल्या, पण त्या खोल बुडाच्या, वर्गावर्गांत वाटलेल्या, थंड समुद्रासाठी बांधलेल्या होत्या. आगबोट इथून तिथे पोचवते. क्रूझची बोट जिथून निघाली तिथेच परत आणून सोडते, आणि तेवढ्यासाठी लोक पैसे मोजतात. ही उलटी कल्पना मनात धरून मुळापासूनच बांधलेल्या पहिल्या पिढीतली ही बोट. आकारमान (ग्रॉस टनेज) सुमारे वीस हजार टन, लांबी १६८ मीटरच्या आसपास, मोकळे डेक, पोहण्याच्या तलावावर सरकते काचेचे छत. आजची सर्वांत मोठी क्रूझ बोट अडीच लाख टनांच्या घरात आहे.

मालक नॉर्वेचे होते आणि नियोजित फेरी न्यूयॉर्क ते बर्म्युडा. पहिले नाव ‘आयलंड व्हेंचर’. काही महिन्यांनी थोरल्या असलेल्या जुळ्या बहिणीचे ‘सी व्हेंचर’. १६०९ साली बर्म्युडाच्या खडकांवर फुटलेल्या इंग्रजी जहाजाचेही नाव ‘सी व्हेंचर’च होते, आणि त्या अपघाताची वर्णने शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मागे असल्याचे अभ्यासक मानत आले आहेत. बुडालेल्या जहाजाचे नाव नव्या बोटीला देण्याचे धाडस करायला दर्यावर्दी माणूस बहुधा धजला नसता. जाहिरातवाला सहज धजतो.

१९७२ मध्ये ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्सेस क्रूझेसकडे गेली आणि ‘आयलंड प्रिन्सेस’ झाली. १९७४ साली पी अँड ओने ती कंपनीच विकत घेतली आणि दोन्ही बहिणी पुन्हा एका घरात आल्या. ‘सी व्हेंचर’ ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ झाली. पी अँड ओ म्हणजे मुंबईला विलायतेची टपाल आणणारी तीच कंपनी. तिच्या बोटींवर जेवण वाढायला गोव्याची माणसे आणि डेकवर गुजरात-कोकणच्या किनाऱ्यावरचे खलाशी असा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. टपालाची फेरी संपली आणि कंपनी सूर्यस्नान विकू लागली.

१९७७ पासून अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘द लव्ह बोट’ ही मालिका गाजली. तिची नायिका ‘पॅसिफिक प्रिन्सेस’. धाकटीही काही भागांत दिसली. बहुतेक चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतल्या लाकडी डेकवर होई, पण क्रूझ म्हणजे म्हाताऱ्या श्रीमंतांची चैन ही समजूत या मालिकेने मोडली. पुढच्या अवाढव्य बोटींना गिऱ्हाईक मिळाले त्यात तिचा मोठा वाटा आहे. त्या अवाढव्य बोटींनीच मग या दोघींना म्हातारे ठरवले.

१९९९ मध्ये ती ह्युंदाईने घेतली, आणि इथे तिच्या आयुष्यातले सर्वांत विलक्षण पान येते. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग मूळचे आज उत्तर कोरियात असलेल्या भागातले. तरुणपणी बापाने गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते घरातून पळाले होते. १९९८ साली त्यांनी दोन खेपांत एक हजार एक गुरे सीमेपलीकडे भेट म्हणून नेली, आणि त्याच वर्षी उत्तरेतल्या कुमगांग पर्वताच्या सहली सुरू केल्या. कुमगांग म्हणजे वज्र. हा शब्द बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांतून तिथवर गेला. या पर्वताला ऋतूगणिक नाव आहे: वसंतात कुमगांग, उन्हाळ्यात पोंगने, पाने लाल होतात तेव्हा पुंगाक, आणि पाने झडून नुसते खडक उरले की केगोल, म्हणजे हाडांचा डोंगर. ह्युंदाईच्या सहलींच्या बोटींना यांतली पहिली तीन नावे मिळाली. आपली बोट ‘ह्युंदाई पुंगाक’ झाली. शरद ऋतूचे नाव. केगोल कुणी घेतले नाही.

दक्षिणेच्या तोंगहे बंदरातून ती निघे आणि उत्तरेच्या चांगजोन बंदरात उभी राही. पर्यटकांनी दिवसा डोंगर चढायचा, रात्री बोटीवर झोपायला परत यायचे, कारण सुरुवातीला किनाऱ्यावर मुक्कामाची सोयच नव्हती. प्रवाशांत फाळणीत गाव मागे सुटलेली वृद्ध माणसेही असत. लाहोर-कराचीची आठवण उराशी धरून गेलेल्या माणसांच्या देशात याचे अधिक स्पष्टीकरण द्यायला नको. मनोरंजनासाठी बांधलेल्या बोटीने केलेले सर्वांत गंभीर काम हेच, असे माझे मत आहे. ते तोट्यात गेले. २००१ पर्यंत बोट विकली गेली होती.

मग थोडा काळ ‘प्लॅटिनम’. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. पुढे ‘डिस्कव्हरी’ या नावाने दहा-अकरा वर्षे तिने ब्रिटिश प्रवाशांना अंटार्क्टिकापर्यंत नेले, व्याख्याने ऐकवली. मध्यम आकार आता गुण ठरला: मोठ्या बोटींना न परवडणाऱ्या बंदरांत ती जाऊ शकत होती. दरम्यान २००३ मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली एक नवी, चौपटीहून मोठी बोट ‘आयलंड प्रिन्सेस’ हे नाव घेऊन धावू लागली. जुनी हयात असतानाच.

शेवटचे नाव ‘आमेन’. मोडीत निघालेल्या बोटीला अखेरच्या फेरीपुरते नवे नाव, अनेकदा नवा झेंडाही देण्याची पद्धत आहे. त्यामुळे किनाऱ्यावर जुन्या मालकाचे नाव दिसत नाही. सात आकडी आयएमओ क्रमांक मात्र बदलत नाही. ‘आमेन’ हा शब्द हिब्रूतून ग्रीक, लॅटिन, मराठी बायबलपर्यंत जवळपास न बदलता आला. मराठीत त्याचे ‘तथास्तु’ झाले नाही. ज्याने तो इथे रंगवला त्याला विनोद सुचला होता की प्रार्थना, कोण जाणे.

थोरली बहीण वर्षभर आधी, ऑगस्ट २०१३ मध्ये तुर्कस्तानातल्या आलिआ बंदरात मोडायला पोचली होती. तिच्या पोटात विषारी वायूने दोन कामगार मेले. अलंगचा इतिहासही वेगळा नाही. ‘फ्रान्स’ आणि ‘नॉर्वे’ अशी नावे मिरवलेली ‘ब्लू लेडी’ इथे मोडण्यावरून ॲस्बेस्टॉसचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि २००७ साली न्यायालयाने परवानगी दिली.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचे अंतर प्रचंड. उधाणाला बोट पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायची आणि पाणी ओसरले की चिखलात रुतलेली बोट गॅसकटरने कापायची. कापणारे बहुतेक ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे. पलंग, आरसे, कपबश्या, लाइफ जॅकेटे त्रापजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुकानांत मांडली जातात. पोलादी पत्रे ट्रकने सिहोर-भावनगरच्या गिरण्यांकडे जातात. तिथे ते तापवून, लाटून त्यांच्या इमारतीच्या सळ्या होतात.