शत्रूविना खेळ

शत्रू नसेल तर व्हिडिओ गेम कसला, हे मत आता इतकं रुजलं आहे की ते कुणी तपासूनही पाहत नाही. लढाई नसलेल्या गेमला 'नुसतं फिरणं' म्हणून निकालात काढतात. या मताची बाजू कच्ची नाही. धोका नसेल तर निर्णयाला वजन येत नाही, हा आक्षेप खराच आहे. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनीही 1938 च्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात स्पर्धेला खेळाच्या मुळाशी ठेवलं आहे.

पण हुइझिंगा अर्धेच वाचून चालत नाही. स्पर्धेच्या जोडीला त्यांनी रूप उभं करणं ठेवलं. पुढे 1958 मध्ये फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी खेळांचे चार वर्ग केले : स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. सोंग इथे स्पर्धेच्या हाताखाली येत नाही.

सोंगाला स्वतःचं बळ किती असतं, ते पाहायला सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावी जावं. तिथल्या राजवाडी होळीची सुरुवात स्थानिक परंपरा 1246 सालची मानते. अंगावर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू अशा वेशात बावा-बुध्या म्हणवणारे नर्तक ढोलावर रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. ही होळी व्रत आहे, तिला मी गेम म्हणत नाही. पण रूप घेण्याचा एक नियम ती स्पष्ट दाखवते. बुध्या होणाऱ्याला आधी पालनी पाळावी लागते : जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य राखायचं. काही सोडल्याशिवाय रूप मिळत नाही. कुणाला हरवायचं नसतानाही हजारो माणसं रात्रभर तिथे थांबतात.

हाच नियम चांगल्या गेममध्ये सापडतो. हॅम्बर्गच्या मूनआय स्टुडिओजचा 'लॉस्ट एंबर' 2019 मध्ये आला. त्यात तुम्ही एक लांडगीण असता आणि वाटेत भेटेल त्या प्राण्याचं शरीर घेता. पक्षी झालात की दरी ओलांडता येते, मासा झालात की तळ गाठता येतो, चिचुंदरीसारखा बिळं खणणारा मोल झालात की जमिनीखालून वाट काढता येते. मात्र माशाला काठावर चढता येत नाही. प्रत्येक शरीर एक वाट उघडतं, दुसरी बंद करतं. निर्णयाला वजन येतं ते इथून. उंची, पाणी, खडक आणि आपल्याच अंगाची मर्यादा एवढ्यावर खेळ उभा राहतो.

इथेच लढाईवाद्यांचं म्हणणं उलटतं. रूपबदलात लढाई घातली की सगळी रूपं एकाच मापाने मोजली जातात : कोण किती घाव घालतो. मग अस्वल श्रेष्ठ आणि मोल निरुपयोगी ठरतो, प्राणी जाऊन हत्यार उरतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (2020) देखणा गेम आहे, आणि त्यातली लढाई कथेची गरज आहे, कारण राजी राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली असते. लढाईला माझा विरोध नाही. तिच्यावाचून खेळच नाही, या दाव्याला आहे.

राहता राहिला धोका. वाघाच्या रानात राहिलेल्या सातपुड्यातल्या माणसांनी शिकार केली, तशीच वाघदेवाची पूजाही केली. भय असलं की मारणं हाच एक मार्ग उरतो असं नाही. वाट सोडणं, मान देणं, लपणं, वास ओळखणं, यांतून खेळाचे किती नियम निघतील!

तोरणमाळचं पठार, सीताखाईचा कडा, नर्मदेकडे उतरणाऱ्या धडगावच्या डोंगररांगा या सातपुड्याच्या मुलखावर कुणी मराठी संघाने असा गेम करावा. फक्त बुध्याचा टोप दुकानातला माल म्हणून उचलू नये. आधी काठीला जावं, पालनी पाळणाऱ्यांना विचारावं, त्यांना कामात बरोबरीने घ्यावं, आणि त्यांनी नको म्हटलं तर ते रूप सोडून द्यावं.