गोठणगावची तिबेटी वसाहत आणि यकृताचा इतिहास

१९५९नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी काहींना १९७२च्या सुमारास तेव्हाच्या भंडारा, आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ जमीन मिळाली. ही नोर्ग्येलिंग वसाहत. तिबेटी निर्वासितांमध्ये हिपॅटायटिस ‘बी’चे प्रमाण जास्त असल्याचे अभ्यास सांगतात, तरी पुनर्वसनाच्या इतिहासात या आजाराला फारशी जागा मिळत नाही.

ब्लुमबर्ग यांना या विषाणूचा माग १९६०च्या दशकात लागला. म्हणजे हे लोक सीमा ओलांडत होते, तेव्हा त्याची तपासणीच नव्हती. जन्मतः आईकडून संसर्ग झाल्यास सुमारे ९० टक्के बाळांत तो कायम राहतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. पुढे अनेक वर्षे काहीच जाणवत नाही, मग कधी सिरॉसिस, कधी कर्करोग उघड होतो. म्हणून एकच तपासणी पुरत नाही. विषाणू सहा महिन्यांहून जास्त टिकला, तर संसर्ग दीर्घकालीन मानतात आणि पाठपुरावा आयुष्यभर करावा लागतो.

भारताच्या सरकारी लसीकरणात ही लस २००२मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली, देशभर २०११नंतर पोचली. वसाहतीत आधी जन्मलेल्यांचे बालपण तोवर सरले होते. आगमन आणि जमीनवाटप नोंदवून निर्वासितांचा इतिहास पुरा होत नाही. पुढच्या पिढ्यांच्या रक्ततपासण्याही त्याच इतिहासाची कागदपत्रे आहेत.